आमची वाटचाल : साग जड्यांपासून अळीच्या पाहणीपर्यंत

हदगाव तालुक्यात आमची छोटी नर्सरी आहे. साग जड्या (खोड आणि मुळं छाटून लावायला तयार केलेली सागाची रोपं), बांबू, कागदी लिंबू, शेवगा. घरची मंडळी आणि सीझनला गावातल्या बाया मिळून सगळं काम होतं. सुरुवात फक्त रोपं विकायची म्हणूनच केली होती, २०१६ पासून सरकारी वृक्षलागवड मोहिमा सुरू झाल्या, २०१९ ला तर ३३ कोटींचं टार्गेट होतं, त्या काळात रोपाला मागणी लई वाढली आणि आमचाही जम बसला.

पण रोप गाडीत भरून दिलं की विषय संपत नाही. पावसाळ्यात फोन यायचे, भाऊ सागाला रोग पडलाय, पानाची नुसती जाळी झाली, झाडं वाळायलीत. कुणी युरिया टाकून बसलेलं, कुणी बुरशीनाशक मारलेलं. रोग नव्हताच, अळी होती. मग आम्ही बांधावर जाऊन बघायला लागलो, आणि आज आमचं निम्मं काम पाहणीचंच आहे.

सागावर दोन अळ्या मुख्य. पहिली पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळ्या पालवीवर येते, पानाची कड दुमडून आत लपते आणि जाड शिरा सोडून सगळं पान खाऊन टाकते. दुसरी मागून येते, ऑगस्ट-सप्टेंबरात, ती शिरा तशाच ठेवून मधला हिरवा भाग खाते, लांबून अख्खा प्लॉट करपल्यासारखा दिसतो. लोक दुसरीला जास्त घाबरतात कारण ती नजरेत भरते, पण खरं नुकसान पहिलीचं. केरळच्या वन संशोधन संस्थेनं निलांबूरच्या कोवळ्या साग लागवडीत मोजमाप केलं तेव्हा पहिल्या अळीमुळं लाकडाची वाढ ४४ टक्क्यांनी बुडते असं निघालं. झाड मरत नाही, परत फुटतं, म्हणून कुणी हिशोबच धरत नाही.

पहिल्या अळीचं सगळं गणित वेळेचं आहे. शेडच्या बल्बखाली सकाळी पतंग पडलेले दिसले, मागच्या पंखावर काळा-नारिंगी रंग असेल, तर लगेच कोवळी पानं उलटून बघायची. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. अळी बारीक आहे तोवर निंबोळी अर्क काम करतो, मोठी झाल्यावर कितीही मारा, ती थोड्याच दिवसांत तशीही धाग्यावरून खाली उतरून पाल्यात कोषात जाते आणि तुमचा खर्च वाया. प्लॉटवर अचानक साळुंक्या-कावळ्यांची झुंबड दिसली तरी समजायचं की अळी पडली. आणि चाळीस फुटी सागाला सप्टेंबरात फवारा मागणाऱ्याला आम्ही सरळ नाही म्हणतो, पान तसंही गळणारच आहे, त्यात आमचं बिल होत नाही पण चालतं. पिशवीतल्या रोपाचं मात्र वेगळं, त्याच्याकडं पानंच मोजकी असतात, तिथं एक दिवस पण थांबायचं नाही.

कागदी लिंबाच्या रोपावर फुलपाखराची अळी येते, लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते म्हणून नवीन बाई तिला सोडून देते. ती हातानंच वेचायची, औषधाची गरजच नाही. शेजारी कढीपत्ता असेल तर तिथंही बघायचं, तीच अळी असते.

अर्क आम्ही घरीच करतो. जून-जुलैत बाया निंबोळ्या वेचून आणतात, किलोवर पैसे देतो, सावलीत वाळवून गोणपाटात ठेवतो. ५ किलो पावडर रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून टाकायचा आणि एकूण १०० लिटर करायचं. ताजाच मारायचा, तोही ऊन उतरल्यावर, कारण उन्हात त्याचा जोर जातो.

जिथं अळी जास्त तिथं बीटी हे जिवाणूचं औषध वापरतो, पण जपून. रेशमाचा किडा पण अळीच आहे आणि तो तुतीचा पाला खातो, बाजूच्या तुतीवर फवारा उडाला, मग ते बीटी असो की निंबोळी अर्क, तर त्या शेतकऱ्याची अख्खी बॅच जाऊ शकते. म्हणून यंदापासून बुकिंग घेतानाच विचारतो, शिवारात कुणाची तुती आहे का, आणि असेल तर आधी त्याच्याशी बोलून, वारा कुठून आहे ते बघूनच पंप उचलतो. जून लागला की आठवड्याला एक चक्कर सुरू होते, किनवट आणि कळमनुरीकडच्या लोकांनी जड्या नेतानाच पाहणीचं सांगून ठेवावं.