कॅम्पहून परत आलेल्या मुलांना काय विचारू नये

पोरं पचमढीच्या बायबल कॅम्पहून परत आलीत. आठवडाभर घर एवढं शांत होतं की सासूबाई म्हणायच्या टीव्ही मोठा कर गं, करमत नाही, आणि पोरं आल्यापासून त्याच सासूबाई कानात कापूस घालून बसल्यात.

ज्यांच्या घरी हे प्रकरण नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंदूरला मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेला की चर्चची मुलं पहाडावर जातात. नर्मदा एक्सप्रेसने पिपरिया, तिथून घाटातून ५० एक किलोमीटर बस, त्यात निम्मी मुलं उलट्या करतात आणि उरलेली निम्मी त्यांना चिडवतात. पोचल्या पोचल्या मोबाईल जमा. मग पहाटे घंटा, क्वाइट टाइम (म्हणजे एकट्याने शांत बसून बायबल वाचायचं, प्रार्थना करायची), ग्रुपमध्ये बायबल स्टडी, वचन पाठ केलं की पॉइंट, खोली झाडली की पॉइंट, आपलं ताट आपण घासायचं, दुपारी खेळ, संध्याकाळी कोरस आणि नाटुकली, शेवटच्या रात्री कॅम्प फायर. आमच्या लहानपणीही थोड्याफार फरकाने हेच होतं, फक्त जमा करायला मोबाईल नव्हते.

तर मुद्दा असा की मुलं आल्यावर "काय शिकलात?" हे विचारायचं नाही. विचारलं की दोघंही एका सुरात "प्रार्थना करायची, आज्ञा पाळायची" असं उत्तर देतात, म्हणजे रविवारी चर्चमध्ये पुढे उभं राहून साक्ष देताना जे बोलायचं असतं तेच. पाळक साहेब खूश, आजी खूश, सगळे आमेन म्हणतात, आणि खरा कॅम्प तसाच पोटात राहतो. तो बाहेर येतो भेंडी चिरताना, गाडीवर मागे बसल्यावर, रात्री लाईट बंद केल्यावर. न विचारता.

म्हणजे बघा, धाकट्याची साबणाची वडी रॅपरसकट परत आली. मी काहीच बोलले नाही, नुसती ओट्यावर ठेवली. अर्ध्या तासाने स्वतःच म्हणतो, "आई, आम्ही बी फॉलला गेलो होतो ना, तिथे झाली आंघोळ." मग त्यातून निघालं की एक मुलगा रात्री घरच्या आठवणीने रडायचा, तर हा आपली चादर उचलून त्याच्या शेजारी जाऊन झोपायचा, लीडर भैयाला कळू न देता, कारण पलंग बदलला की ग्रुपचे पॉइंट कटतात. हे साक्षीत नव्हतं! तिथे तो म्हणाला की धूपगढवर देवाची निर्मिती पाहून बरं वाटलं. धूपगढ १३५० मीटर उंच आहे आणि आपण "चढलो" असंही ऐकवून झालं, जिप्सी वरपर्यंत जाते हे जसं काही मला माहीतच नाही.

लेक तेरा वर्षांची, तिचं वेगळं. ती कॅम्प फायरबद्दल बोलत नाहीये. तिथे शेवटच्या रात्री ज्यांना येशूसाठी काही ठरवायचं असेल त्यांनी पुढे या म्हणतात, बरीच मुलं जातात, बरीच रडतात. आता माझं स्पष्ट मत, आठवडाभराची अपुरी झोप, शेकोटी, गिटार आणि सकाळी मैत्रिणींपासून ताटातूट, एवढं एकत्र आलं की कोणीही रडेल. मीही रडले होते तिच्या वयात. पण म्हणून ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही, त्यातलं काहीतरी अजून माझ्याजवळ आहे. ती पुढे गेली की नाही ते मी विचारलेलं नाही आणि तिच्या बाबांनाही विचारू दिलेलं नाही. इंग्रजांनी १८७५ साली बांधलेलं तिथलं क्राइस्ट चर्च पाहून आली, त्या रंगीत काचांबद्दल मात्र भरभरून बोलते, दुपारचं ऊन फरशीवर कसं निळं पडतं वगैरे. तेवढं पुरे सध्या.

सगळ्यात मजा काल संध्याकाळी. लाईट गेली होती, गॅलरीत बसलो होतो, आणि धाकटा पॉइंटसाठी पाठ केलेलं १२१ वं स्तोत्र हिंदीत म्हणायला लागला. सासूबाई अहमदनगरच्या, त्यांनी शेजारून मराठीत सुरू केलं. दोघांची जुगलबंदीच! हा पाचव्या वचनाला अडकला, त्या डोळे मिटून आठव्यापर्यंत गेल्या. तो त्यांच्याकडे बघतच राहिला.

"आजी, तुला किती पॉइंट मिळाले होते?"

"पॉइंट कसले रे, चुकलं की छडी मिळायची."

यावर त्याचं म्हणणं की आजीला पुढच्या वर्षी कॅम्पला न्यावं, त्यांचा ग्रुप नक्की पहिला येईल. सासूबाईंनी विचारलं तिथे पोहे देतात का, आणि सेव आपली इंदूरची की कुठलीही. अजून विचार करतायत.

ताट घासणं दोन दिवस चाललं, आज परत सिंकमध्ये. मी म्हटलं पॉइंट देते, तर म्हणतो घरच्या पॉइंटांना काही अर्थ नाही, दुसरी टीमच नाहीये.

बाकी कपडे धुवून झाले. आमच्या बॅगेत एक निळा मोजा, एक टॉवेल आणि कोणाच्या तरी चष्म्याची डबी निघाली, चर्चच्या ग्रुपवर फोटो टाकलाय. आमची पाण्याची हिरवी बाटली आणि लेकीचा स्वेटर कोणाकडे असेल तर प्लीज रविवारी घेऊन या.