बाबांची दुर्बीण आयसीयूतच झाली

बाबांचं लहान आतडं शेवटाकडे फाटलं होतं. तातडीनं ऑपरेशन झालं, टाके नीट बसले. पण जंतुसंसर्ग रक्तात उतरल्यामुळे व्हेंटिलेटर काही निघेना. अशात एका सकाळी नाकातून जठरात घातलेल्या नळीतून (रायल्स ट्यूब) कॉफीच्या गाळासारखं काहीतरी यायला लागलं. दुपारी काळी, चिकट शी झाली. हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेलं.

टाके सुटले, हेच आमच्या डोक्यात. डॉक्टर म्हणाले, रक्त वरून येतंय. इतक्या आजारी माणसाच्या जठराच्या अस्तराला रक्तपुरवठा कमी पडतो, मग आम्ल तिथे जखमा करतं. 48 तासांहून जास्त व्हेंटिलेटर आणि रक्त न गोठणं, हे त्याचे दोन मोठे धोके. बाबांना दोन्ही होते. आम्ल कमी करणारं इंजेक्शन आधीपासून चालू असूनही हे झालं.

तोंडातून दुर्बीण घालून (एंडोस्कोपी) रक्त कुठून येतंय ते बघायचं ठरलं. त्याच्या संमतीपत्रावर सही करताना आत्यानं अडवलं. “ताजे टाके, त्यात पोटात हवा भरणार?” प्रश्न अगदी बरोबर होता, मला सुचला नव्हता. डॉक्टर चिडले नाहीत. दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंतच जाते, टाके खूप पुढे आहेत, आणि हवेऐवजी लवकर शोषला जाणारा कार्बन डायऑक्साइड बेतानं वापरू, म्हणाले. ज्या व्हेंटिलेटरची आम्हाला धास्ती होती, त्याचा इथे उपयोगच झाला: श्वासनलिकेत नळी असल्यामुळे रक्त फुप्फुसात जाण्याची भीती कमी.

तरी लगेच सुरू झालं नाही. आधी रक्ताच्या पिशव्या, रक्त गोठावं म्हणून प्लाझ्मा, बीपी जरा स्थिर होण्याची वाट. जठर रिकामं व्हावं म्हणून एरिथ्रोमायसिन दिलं. अँटिबायोटिकचा असाही उपयोग असतो! मग मशीनची ट्रॉली थेट बेडजवळ आली. बाबांना हलवायचं नव्हतं, ही मोठीच सोय.

लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर, त्यात उघडी रक्तवाहिनी. अ‍ॅड्रेनॅलिन टोचून वर धातूच्या बारीक क्लिपा लावल्या. पुढे 72 तास आम्ल कमी करणारं पँटोप्रॅझोल पंपावर चालू. ट्यूबमधलं पाणी हळूहळू स्वच्छ झालं, हिमोग्लोबिन टिकलं. व्हेंटिलेटर सुटायला मात्र बराच वेळ गेला, तो वेगळाच विषय.

क्लिपा आपोआप गळून पडतात. तोवर एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगायचं, हे डिस्चार्ज कार्डवर लिहून घेतलं. तेही आत्यानंच.