मृदंगम् सुरात लावताना: उजवी पुडी जमली, आता तोप्पी

मृदंगम् म्हणजे कर्नाटक संगीतातलं दोन तोंडांचं तालवाद्य; पुडी म्हणजे त्याच्या तोंडावरचं कातडं. माझ्या मृदंगम्‌ची उजवी बाजू, म्हणजे वलंतलै, आता काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) छान बसली आहे. माझं खोड, म्हणजे वाद्याचा लाकडी भाग, फणसाचं, 24 इंची. त्याला खालचे सूर मानवतात. पांढरी पाचला, म्हणजे बऱ्याच वरच्या सुरात, गाणाऱ्या गायिकेची साथ करायची तर 22 इंचांच्या आसपासचा आखूड मृदंगमच घ्यावा. लांब खोडाची पुडी ताणून तिथपर्यंत नेण्यात अर्थ नाही.

तबल्याकडून येणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. इथे पुडी ताणणाऱ्या चामडी वादींखाली तबल्यासारखे फिरते लाकडी गठ्ठे नसतात, सगळं काम गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणलेल्या चामडी कड्यावर. गजऱ्याला लाकडाचा तुकडा टेकवायचा आणि त्यावर दगडाने हलके ठोके द्यायचे. वरून खाली ठोकलं की सूर चढतो, खालून वर ठोकलं की उतरतो.

पण खरी मेहनत सूर चढवण्यात नाही, सोळा घरं, म्हणजे गजऱ्यावरच्या वादींमधल्या जागा, एकमेकांशी जुळवण्यात आहे. अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या लेपाच्या) कडेला अलगद टेकवून तर्जनीने चाटेवर (पुडीच्या काठावर) 'नम्' हा बोल वाजवायचा आणि पुडी घराघराने फिरवत ऐकायचं. माझ्या पुडीवर एका घरात नम् चढा येत होता आणि तिथून चार घरं पुढे गेलं की बसका. आठव्या, म्हणजे बरोबर समोरच्या घरात पुन्हा चढा! हे समजल्यावर कामाला दिशा मिळाली. अनामिका टेकते तेव्हा पुडी एका व्यासावर स्थिर राहते आणि दोन्ही अर्ध उलटसुलट हलतात. म्हणून समोरासमोरची घरं एकाच सुरात बोलतात आणि काटकोनातली वेगळी पडतात. तेव्हापासून मी बसक्या घराबरोबर त्याच्या समोरचं घरही ठोकतो. सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह, आणि पुढे 1934 मध्ये सविस्तर दाखवलं की शाईमुळे या वाद्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत येतात. ताण सगळीकडे सारखा झाला की ते कानाला स्पष्ट कळतं: 'धिन्' न थरथरता, एकसंध निघतो. तोपर्यंत मी तंबोरा लावतच नाही. घरं जुळली की सगळा गजरा सारखा ठोकत षड्जाला न्यायचा.

डावी बाजू, तोप्पी, अजून हातात आलेली नाही. पखवाजाला कणीक, तसा इथे रवा. पाण्यात भिजवून, मळून मधोमध थापायचा आणि वाजवून झालं की काढून टाकायचा. रवा वाढवला की सूर उतरतो. मला खालचा षड्ज हवा आहे. तो मिळतो, पण टिकत नाही. रवा सुकत गेला की 'तोम्'ची घुमक कमी होते, मग बोट ओलं करून फिरवावं लागतं. रवा किती सैल मळावा, हे सध्या करून बघतो आहे.

उजवीकडे पुडीच्या थरांमध्ये कुच्या, म्हणजे बारीक काड्या, घालायच्या आहेत; चापू या बोलाला त्यांचा खरखरीत झणकार हवाच. पण पावसाळी हवेत कातडं सैलावतं आणि रोज गजरा ठोकावा लागतो, त्यामुळे हवा कोरडी झाल्यावरच.