हुद्द्यांची चौकट: अधिकाऱ्यांच्या दोन्ही रांगा लागल्या

भिंतीवरच्या या चौकटीत अधिकाऱ्यांच्या खांद्यावरची हुद्द्याची चिन्हं लावतोय: वरच्या रांगेत २६ जानेवारी १९५० पूर्वीची भूदलाची चिन्हं, खालच्या रांगेत नंतरची. एकाखाली एक लावली की लगेच दिसतं: मोजणी तीच राहिली, चिन्हं बदलली. मेजरच्या मुकुटाजागी अशोकस्तंभाचे सिंह आले, ऑर्डर ऑफ द बाथच्या चौकोनी ताऱ्याजागी पाचकोनी तारा. कॅप्टनचे तीन तारे तीनच. सेकंड लेफ्टनंट ते ब्रिगेडियर, एका खांद्यासाठी रांगेला १२ तारे आणि ४ मुकुट किंवा सिंह लागतात. ताऱ्यांची मापं वेगवेगळी येतात, म्हणून व्हर्निअरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोजूनच घ्या. ब्रिगेडियरच्या तीन ताऱ्यांच्या त्रिकोणात एक मिलिमीटरचा फरकसुद्धा खटकतो.

मुकुट घेताना फसगत जास्त होते. ब्रिटिश राजाच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी फुगीर असतात. कमानी मधोमध खचलेल्या असतील तर तो १९५२ नंतरचा, राणीचा मुकुट; तोवर आपल्या खांद्यावरून मुकुट उतरला होता. असा नग ‘जुना भारतीय’ म्हणून कोणी देत असेल तर सोडून द्या. मागची बाजू खडबडीत, बारीक छिद्रांची असेल तर तो साच्यातून ओतलेला नवा नग समजा.

पितांबरी, चिंच यांपासून मुलामा दिलेले नग लांब ठेवा. मुलामा जातो, सिंहांचे चेहरे सपाट होतात. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, मग पूर्ण वाळवणं, एवढं पुरतं.

चौकटीच्या पाठीला सोलापुरात सहज मिळणारा कोरा मांजरपाट वापरला. रात्रभर भिजवून दोनदा धुवा, कारण खळ राहिली की कसर लागते. लोकरी फेल्ट नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. ग्लू-गनचा गोंदही नको: वैशाखात पश्चिमेच्या भिंतीवर काचेआड तो मऊ पडतो आणि तारे घसरतात. मागच्या कड्यांतून सुती दोरा ओवून टाके घाला.

पुढची रांग जेसीओंची (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर), लाल-पिवळ्या फितीसह. तिथे १९६५ पूर्वीच्या नगाखाली ‘नायब सुभेदार’ लिहू नका, तेव्हा ‘जमादार’ होता. नौदलासाठी एक खण मोकळा ठेवलाय: २०२३ अखेरीस ॲडमिरलांच्या खांद्यावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, त्याची जुन्या पट्टीशेजारी जोडी लावायची आहे.