एकावर पूज्य दहा

माझी आजी उजळणी म्हणायची ती 'एकावर पूज्य दहा, दोनावर पूज्य वीस' अशी. शून्य हा शब्द तिच्या तोंडी नव्हताच. मला वाटायचं, पूज्य म्हणजे देव्हाऱ्यातलं काहीतरी, म्हणून पाटीवर ते गोल काढताना मी पाटी आधी नीट पुसून घ्यायचे.

परवा आठवीतली भाची विचारत होती, "मावशी, पाचाला शून्याने भागलं तर?" मोबाईलने 'एरर' दाखवलं होतं. ते तिला पटलं नव्हतं, आणि मला ते फार आवडलं. मी कपाटातून 'लीलावती' काढली, भास्कराचार्यांचा गणिताचा ग्रंथ.

हा प्रश्न भास्कराचार्यांच्याही आधीचा. ब्रह्मगुप्त या गणितज्ञाने ६२८ साली शून्याची बेरीज, वजाबाकी, गुणाकार यांचे नियम बांधले, तेही धन आणि ऋण संख्यांसकट. पण शून्याला शून्याने भागून त्याने शून्यच उत्तर दिलं, तिथे तो चुकला. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' हे नाव दिलं. ख म्हणजे आकाश, आणि गणितात शून्य. खहरात कितीही मिळवा, कितीही काढा, तो बदलत नाही. प्रलयात जीव आत गेले आणि सृष्टीच्या वेळी बाहेर आले तरी अच्युत अनंत जसा तसाच राहतो, तसा. बीजगणित शिकवता शिकवता विष्णूची उपमा देणारा हा माणूस मला अगदी जवळचा वाटतो.

पण माझा जीव अडकलाय तो 'लीलावती'तल्या एका गणितात. एका संख्येला शून्याने गुणा, आलेल्यात त्याचाच अर्धा मिळवा, तिप्पट करा, शून्याने भागा, उत्तर ६३. तर संख्या कोणती?

भाचीने पहिल्याच पायरीला शून्य लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. सगळे तेच करतात. भास्कराचार्य म्हणतात, पुढची कृती बाकी असेल तर घाई करू नका, राशी 'खगुण' म्हणून तशीच धरून ठेवा. पुढे शून्यानेच भागायचं आलं, तर ती जशीच्या तशी परत मिळते. मग उरतं काय? दीडपट, तिची तिप्पट, म्हणजे साडेचारपट. आजच्या बीजगणितात असं शून्य छाटता येत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. पण शून्याच्या जागी शून्याकडे सरकत जाणारी राशी घेतली, तर कलनशास्त्रात, म्हणजे कॅल्क्युलसमध्ये, हीच रीत चालते. ग्रहगणितात या रीतीचा मोठा उपयोग आहे, असं भास्कराचार्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला मठ स्थापला, तो आमच्या चाळीसगावजवळच्या पाटणला. तिथल्या देवळातल्या शिलालेखात तशी नोंद आहे. हे सांगितल्यावर भाचीने पहिलं विचारलं, "बस जाते का तिथे?"

मग तिने पेन्सिल उचलली. ६३ भागिले साडेचार. "चौदा!"