काकुमाची सिस्टर, खानापूरची अक्का

अक्का जाऊन महिना झाला. नात्यानं ती माझी आत्या, पण बेळगावजवळच्या आमच्या खानापुरात भाचरांपासून बाजारातल्या भाजीवालीपर्यंत सगळ्यांची ती अक्काच होती. मी आज नैरोबीत नोकरी करते आहे तीही तिच्याच जिवावर. दिवसकार्याच्या वेळी घरी फोन केला की एक वाक्य हमखास कानावर यायचं, "जगासाठी राबली बाई, घराच्या वाट्याला काय आली नाही." बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला कळतं. पण ते खरं नाही, आणि ते तसंच राहून जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

अक्का बेळगावात नर्सिंग शिकली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसं गेली. बेळगावहून निघालेल्या एका पथकाबरोबर ती तिकडे गेली. आठ दिवसांत येतो म्हणून सांगून गेलेली पोरगी दिवाळीही तिकडेच करून आली. आजोबा चिडले होते, आजीनं मात्र तिच्या पुढच्या फेरीसाठी चटणी कुटायला घेतली. मग परदेश सुरू झाला. आधी केनियाच्या उत्तर टोकाचं लोकिचोग्गिओ, जिथून सुदानच्या यादवीत अडकलेल्यांसाठी धान्याची विमानं उडायची. तिथून काकुमा. मध्ये हैती, २०१० च्या भूकंपानंतर कॉलरा पसरला तेव्हा. २०१७ नंतर बांगलादेशात कॉक्स बाजार.

काकुमाची निर्वासितांची छावणी १९९२ पासून आहे, तुर्काना भागातल्या रखरखीत माळावर. पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य न दिसणाऱ्या खानापूरच्या मुलीनं तिथं कशी वर्षं काढली, हे तिथं जाऊन आल्यावरही मला उमगलेलं नाही. तिचं काम कुपोषित मुलांचं. पाच वर्षांखालच्या मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी लावायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला की पट्टी लाल दाखवते आणि ते मूल त्याच दिवशी उपचाराला घ्यायचं. औषध म्हणून जे पाकीट देतात त्यात शेंगदाण्याचं कूट, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं असतात. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात ५०० कॅलरी. अक्कानं ते आजीला फोनवर समजावून सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "म्हंजे शेंगाच की गे!" आपली लेक परक्या मुलखात शेंगा खायला घालून पोरं उठवते, एवढं आजीला पुरलं. त्यानंतर तिनं काळजीचं एक अक्षर काढलं नाही.

अक्काच्या कामातली एक गोष्ट मात्र सीमाभागातल्या माणसालाच नीट कळेल. कचेरीतून आलेला कन्नड कागद हातात आहे, तो आपल्याच जमिनीचा आहे, आणि तो वाचून घ्यायला दुसऱ्या कुणाकडे जावं लागतं, हे आमच्या घरानं पाहिलंय. आजोबा सातबाऱ्याच्या कामाला जाताना शेजारच्या कन्नड मास्तरांना बरोबर नेत. मास्तर कधी नाही म्हणाले नाहीत. पण आजोबांचा चेहरा त्या दिवशी वेगळा असायचा. अक्का लहानपणी त्यांच्या मागून जायची, तिनं तो चेहरा पाहिला होता.

कॉक्स बाजारला ती गेली तेव्हा ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या सीमा ओलांडून आले होते. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, आणि त्यांची बोली बांगलादेशातल्या चाटगावच्या बोलीला जवळची, पुस्तकी बांगलापासून लांबची. अक्कानं पहिल्या आठवड्यातच हट्ट धरला की दवाखान्याबाहेर फलक लावून भागणार नाही, छावणीतल्याच बायकांच्या आवाजात सूचना ऐकवायच्या. वरिष्ठांना हे बारीकसारीक वाटलं. तिला नाही वाटलं. आईला कळलं नाही तर ती पोराला परत आणत नाही, आणि परत न आलेलं पोर कुठल्या तक्त्यात दिसत नाही, असं ती म्हणायची. काकुमात तिनं स्वाहिली उचलली, थोडी सोमाली, थोडी दिंका. घरी मराठी, बाजारात कन्नड, बेळगावच्या कॅम्प भागातल्या मैत्रिणीकडे दखनी उर्दू, गोव्याच्या मैत्रिणीशी कोंकणी बोलत वाढलेली ती. तिला याचं काही कौतुक नव्हतं.

आता घराचं सांगते. अक्काकडे एक निळी वही होती. त्यात वाढदिवस, बाळंतपणाच्या तारखा, कुणाची फी कधी भरायची, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी, सगळं. नव्या करारावर सही करण्याआधी ती वही उघडायची. माझ्या वहिनीच्या दोन्ही बाळंतपणांना ती खानापुरात हजर होती, आणि तो योगायोग नव्हता, तारखा जुळवून घेतलेल्या होत्या. नर्सिंगच्या दिवसांतल्या मैत्रिणीच्या नवऱ्याचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा तिनं एक चांगली नेमणूक सोडली आणि बेळगावात खोली घेऊन राहिली. आठवड्यातून दोनदा ती त्यांना रिक्षानं घेऊन जायची. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या आम्हा भावंडांपैकी कुणी एवढं केलं? रविवारी सकाळी तिचा फोन यायचाच. छावणीत रेंज नसली तर सोमवारी यायचा आणि सुरुवातीलाच विचारायची, "जेवलीस काय? खरं सांग."

ऑगस्ट २०१९ मध्ये ती सुट्टीवर घरी होती. वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर चढलं, पुणे-बेंगळुरू वाहतूक थांबली, चिकोडीकडची गावं शाळांत येऊन राहिली. अक्का दुसऱ्या दिवशी तिथं होती. शाळेच्या ओट्यावर बसून बायकांना शिकवत होती: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. आणि प्रत्येक वेळी डॉ. दिलीप महालनबीस यांची गोष्ट सांगायची. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपलं, तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचं द्रावण पिंपांत भरून लोकांच्या हाती दिलं आणि मरणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. ही गोष्ट ती मराठीत एकदा आणि कन्नडमध्ये एकदा सांगायची, घाई न करता.

इथं केनियात कुणी गेलं की मित्रमंडळी रोज संध्याकाळी जमतात, प्रार्थना करतात, खर्चासाठी वर्गणी काढतात. अक्काची बातमी मी एका जुन्या सहकाऱ्याला कळवली आणि दोन दिवसांत नैरोबीतल्या एका घरात एवढी माणसं जमली की अंगणात खुर्च्या मांडाव्या लागल्या. काकुमात तिच्या हाताखाली शिकलेल्या नर्स होत्या, एक ड्रायव्हर होता, एक सोमाली दुभाषी बाई होती. ड्रायव्हर म्हणाला, सिस्टर माझ्या मुलीच्या परीक्षेच्या दिवशी भारतातून फोन करायची. म्हणजे त्याची मुलगीही त्या निळ्या वहीत होती! मला तिथं रडू आवरलं नाही. घर आणि जग असे दोन हिशेब तिनं कधी मांडलेच नव्हते. आपण मांडले आणि मग एका बाजूला कमी पडलं म्हणून बोललो.

एम-पेसावर, म्हणजे इथल्या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेवर, जमलेली वर्गणी घेऊन त्यांनी मला विचारलं, खानापूरला कशी पाठवायची? दादाला विचारलं, तो म्हणाला तिकडेच राहू दे. काकुमातली एक मुलगी नर्सिंगला लागली आहे, तिच्या पहिल्या वर्षाच्या फीला ते पैसे गेले. पुढच्या वर्षांचं आम्ही भावंडं बघणार आहोत.

डिसेंबरात त्या मंडळींपैकी तिघं माझ्याबरोबर बेळगावला येताहेत. त्यांना खानापूरचं घर बघायचंय आणि अक्काच्या मैत्रिणींना भेटायचंय. तुमच्यापैकी कुणाकडे तिची पत्रं किंवा जुने फोटो असतील तर आमच्या दादाकडे आणून द्या, नकला काढून परत करू. आणि तुमचा वाढदिवस अक्काला पाठ होता असं वाटत असेल, तर तेही त्याला सांगा. वही आता वहिनीकडे आहे, फोन तिचा येईल.