‘संगीताची आवड’ खोडली तेव्हा

पीएचडीसाठी पहिल्या वर्षी मी विद्यापीठांच्या याद्यांत संगीताचा विभाग शोधत बसले, तिथेच चुकले. संगीत मेंदूला कसं उमगतं यावर काम करणारी माणसं कुठे मानसशास्त्रात, कुठे चेताविज्ञानात, कुठे श्रवणशास्त्रात विखुरलेली. मॉन्ट्रियलची ‘ब्रॅम्स’ ही याच विषयाची प्रयोगशाळा २००५ साली इझाबेल पेरेट्झ आणि रॉबर्ट झाटोर यांनी काढली, तीही दोघं वेगवेगळ्या विद्यापीठांतली. मग विभाग सोडून माणसं शोधायला लागले.

अशा पंधरा प्राध्यापकांना ईमेल धाडले. उत्तरं दोन, दोन्ही नकार. आता ते ईमेल माझे मलाच वाचवत नाहीत: ‘लहानपणापासून संगीताची आवड’ इथून सुरुवात. आवड कुणाला नसते?

मधल्या वर्षी एका लॅबमध्ये बिनपगारी काम मिळालं. तिथे ईईजी, म्हणजे डोक्यावरून मेंदूतल्या विजेची नोंद, घ्यायचे. टोपीतल्या इलेक्ट्रोडमध्ये जेल भरायचं आणि नंतर केस धुवायला टॉवेल द्यायचा. प्रयोग साधा: एकच स्वर पुन्हा पुन्हा, मध्येच एखादा किंचित चढा. ऐकणारा मूकपट बघत बसला असला तरी त्याचा मेंदू तो फरक टिपतो, आणि साधारण १५० ते २५० मिलिसेकंदांत ईईजीच्या आलेखात खळगा दिसतो. हीच ‘मिसमॅच निगेटिव्हिटी’, १९७८पासून माहीत असलेली. आमचा खळगा मात्र पसरट, पुसट. आठवडाभर सगळे जेलला दोष देत होते. शेवटी आवाजाचा सिग्नलच ईईजीच्या मोकळ्या चॅनलवर नोंदवून पाहिला. ट्रिगर, म्हणजे ‘आवाज आत्ता वाजला’ अशी नोंदीतली खूण, आधी पडत होता, आवाज मागून येत होता, आणि उशीरही दर वेळी वेगळा: कधी २० मिलिसेकंद, कधी ६०. सरासरीत खळगा पसरणारच!

पुढचा ईमेल याच भानगडीवर लिहिला. सहा ओळी, शेवटी एक प्रश्न, आणि ‘यंदा विद्यार्थी घेताय का?’ हे सरळ विचारलं. उत्तर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मार्गदर्शकाकडे जागा नसेल तर अर्जाची फी पाण्यात. युरोपात पीएचडीची जागा अनेकदा नोकरीसारखी जाहिरातीतून निघते, तिची मुदत वेगळीच. या खेपेला नऊ ईमेल, पाच उत्तरं.

मुलाखतीत कोणतं वाद्य वाजवतेस हे अगदी शेवटी विचारलं. त्याआधी चाळीस मिनिटं माझा कोड, आणि मग: ‘तुझा अंदाज चुकीचा असेल तर आलेख कसा दिसेल?’ मी अडखळले. कागद ओढला, दोन रेषा काढून कॅमेऱ्यासमोर धरल्या. तो कागद अजून टेबलासमोर चिकटवलेला आहे. जागा मिळाली. पहिल्या सहा जणांचा ईईजी घेऊन झालाय, आणि चुकीची म्हणून काढलेली रेषाच खरी ठरताना दिसतेय.